मागीर उलोवया

भाची आज तीन वाजता घरी आली ती चपला भिरकावूनच. पत्रकार आहे. सकाळपासून एका उद्घाटनाला उन्हात उभी. नारळ फुटला, फीत कापली, फोटो झाले. हिने पुढे होऊन विचारलं, "सर, वाड्यावर चार दिवस नळाला पाणी नाही, कधी येणार?" मंत्री हसले, "मागीर उलोवया" (कोकणीत, नंतर बोलू) म्हणाले आणि गाडीत बसले. काच वर. तासाभरात पत्रकारांच्या ग्रुपवर मंत्र्यांकडून तयार बातमी हजर, "ग्रामस्थांनी समाधान व्यक्त केले" या वाक्यासकट!

कसलं समाधान? कोणी विचारलं ग्रामस्थांना?

मला बाबा आठवले. गोव्यात डिचोलीला मास्तर होते आणि एका मराठी दैनिकाचे वार्ताहर. बातमीचं पाकीट पणजीच्या शेवटच्या बसच्या कंडक्टरकडे द्यायचे. १९८६ साली देवळाच्या मंडपात त्यांनी एका मंत्र्याला हाच प्रश्न विचारला, नळ कधी येणार? मंत्री भडकले. "मास्तर, तुम्ही पोरांना शिकवा!" सगळा मंडप गप्प. पण मंत्री उठून गेले नाहीत. तांब्यातलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "सहा महिन्यांत." बाबांनी तिथेच वहीत लिहिलं, खाली तारीख घातली.

भडकले, पण उत्तर दिलं. एवढंच तर मागतोय आम्ही!

आणि हे काही आपल्याच मंत्र्यांचं नाही, वरपासूनच तसं आहे. मनमोहन सिंगांना सगळे मौनी म्हणायचे, पण ३ जानेवारी २०१४ ला ते पत्रकारांसमोर बसले आणि प्रश्न घेतले. मोदी २०१४ पासून पंतप्रधान आहेत, देशात एकही खुली पत्रकार परिषद नाही. १७ मे २०१९ ला पक्षाच्या मुख्यालयात अमित शहांच्या शेजारी बसले, प्रश्नांची उत्तरं शहांनी दिली. जून २०२३ मध्ये व्हाइट हाउसमध्ये मात्र प्रश्न घेतला. तिथे जमतं, मग इथे काय अडतं? जुलै २०२४ मध्ये तर संसदेच्या आवारात पत्रकारांना काचेच्या खोलीत बसवलं. पुन्हा काचच.

हो, काही चॅनेलवाले नुसते ओरडतात, मान्य. मंत्रिमंडळ बैठकीनंतर मुख्यमंत्री बोलतात, तेही मान्य. पण आपल्याला सांगायचं ते सांगणं वेगळं आणि समोरच्याने विचारलेल्याला उत्तर देणं वेगळं.

आजी सांगायची, पोर्तुगीज काळात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून पास करून घ्यावी लागायची. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि ते संपलं. आता सेन्सॉरची गरजच नाही, बातमी तिकडूनच लिहून येते. आणि आम्ही छापतो! याचा राग मला मंत्र्यापेक्षा जास्त येतो.

बाबा सहा महिन्यांनी तीच वही घेऊन गेले. नळ नव्हता. पुन्हा सहा महिन्यांनी गेले. मंत्री त्यांना बघून म्हणाले, "आला वहीवाला." पण बसवलं, चहा दिला, नवी तारीख दिली. तिसऱ्या खेपेनंतर आमच्या वाड्यावर पाणी आलं. त्या दिवशी आई नळाखाली हात धरून कितीतरी वेळ उभी होती.

ती वही अजून माझ्या कपाटात आहे. संध्याकाळी भाचीला दाखवली. शाई फिकट झालीय, तरी "सहा महिन्यांत" स्पष्ट वाचता येतं. तिने काही न बोलता स्वतःची वही काढली. आजची तारीख, खाली प्रश्न, आणि त्याखाली पान कोरं. उद्या त्याच मंत्र्यांचा म्हापशात कार्यक्रम आहे. ती जाणार आहे. प्रश्न तोच.