थोडं वाढवा ना, मॅडम

नागपूरकराचं विजेचं शिक्षण कुलरच्या टाकीजवळ होतं. एप्रिल लागला, ताट्या बदलल्या, टाकी भरली, की घरातली मोठी माणसं पोरांना बजावतात, "ओला हात नको लावू बे, चिपकवते तो." हे शिक्षण इतकं मुरतं की साठीतला माणूसही कुलरचा खटका लाकडी पट्टीनं पाडतो. आणि हाच माणूस कंबर धरून माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आला, पालथा झोपला, कंबरेवर करंटच्या मशीनचे दोन पॅड लागले, की तिसऱ्या मिनिटाला मान वळवून म्हणतो, "काहीच लागून नाही राह्यलं. थोडं वाढवा ना, मॅडम."

शेकाची परीक्षा चटक्यावरून, तर्रीची घामावरून आणि करंटची झटक्यावरून करायची, असा आमच्या गावचा रिवाज आहे. फिजिओथेरपीवाल्यांची पंचाईत इथेच होते, कारण या धंद्यात झटका हे औषध नाही. बहुतेक वेळा ती चूक असते.

नस शांत असते तेव्हा तिच्या आत बाहेरच्यापेक्षा साधारण 70 मिलिव्होल्टचा उणा दाब असतो. भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलचा विसावा हिस्सा धरा. मशीननं करायचं ते एवढंच, की निगेटिव्ह पॅडखाली हा दाब उणे 55 च्या आसपास आणून सोडायचा. तिथवर आला की नसेतले सोडियमचे दरवाजे धडाधड उघडतात आणि नस आपला निरोप आपणच पुढे धाडते. त्यानंतरची वीज शरीराची, माझ्या डब्याची नाही. तिथवर नाही आला, तर काहीच नाही. अर्धा निरोप असा प्रकार नसांत नसतो. म्हणून नॉब वाढवल्यानं एका तंतूचा आवाज मोठा होत नाही, फक्त आणखी तंतू त्यात सामील होतात. आधी स्पर्शाचे जाडजूड तंतू, मग स्नायूला हलवणारे, आणि सगळ्यात शेवटी दुखणं पोचवणारे बारीक. म्हणजे नॉबवर तीन स्टेशनं: मुंग्या, फडफड आणि "अगं माय गं". दुखणं कमी करायच्या साध्या टेन्सचं, म्हणजे कातडीवरून नसेला ठोके देणाऱ्या करंटचं, काम पहिल्या स्टेशनावर होतं. सेकंदाला 80 ते 100 ठोके, एकेक ठोका 50 ते 100 मायक्रोसेकंदांचा, भरपूर पण सोसवणाऱ्या मुंग्या, बस. तिसऱ्या स्टेशनाचा हट्ट धरणं म्हणजे अजनीला उतरायचं असताना वर्ध्यापर्यंत झोपून जाणं.

मुंग्यांनी दुखणं का कमी व्हावं, याचं कोडं 1965 मध्ये मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी बरंचसं उलगडलं. मणक्यातल्या रज्जूत एक फाटक असतं. स्पर्शाच्या तंतूंची गर्दी झाली की ते दुखण्यासाठी निम्मंशिम्मं लागतं. कोपर चौकटीवर आपटलं की आपण कोणी न शिकवता चोळतो, त्यातलंच हे. पण चोळणं थांबलं की फाटक हळूहळू पुन्हा उघडतं. मशीन चालू असताना आणि नंतर काही वेळ आराम, एवढाच याचा वायदा. सरकलेली गादी टेन्सनं जागेवर जात नाही. हे सांगितलं की पेशंटचा चेहरा पडतो, आणि सोबत आलेल्या काकू म्हणतात, "मग वाढवून पाहा ना थोडं."

रोमन काळात याचा इलाज सोपा होता. पहिल्या शतकातला वैद्य स्क्रिबोनियस लार्गस संधिवाताच्या पेशंटला ओल्या किनाऱ्यावर जिवंत करंट मारणाऱ्या माशावर पाय देऊन उभं करायला सांगे, पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर. माशाला नॉब नव्हता, त्यामुळे वाढवा म्हणायची सोयही नव्हती.

आता कुलरची गोष्ट. घरातली लाईन 50 हर्ट्झची. स्नायूला सेकंदाला 50 वेळा हुकूम मिळाला की त्याला दोन हुकमांच्या मध्ये सैल पडायला सवडच राहत नाही, तो आवळलेलाच राहतो. मूठ मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा दणकट, म्हणून हात सुटत नाही. मोठ्या माणसाचा हात असा धरून ठेवायला 10 मिलिअँपच्या आसपास पुरतात. आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वाळलेल्या मांडीवर मी काय लावते? तेच 50 ठोके, आणि 30-40 मिलिअँप! हा आकडा मी सहसा तोंडातून काढत नाही. पण हिशेब करा. माझा एकेक ठोका 200 मायक्रोसेकंदांचा, म्हणजे 50 ठोके मिळून सेकंदाचा शंभरावा भाग. उरलेले नव्व्याण्णव भाग मशीन गप्प बसलेलं. कुलर मात्र सेकंदभर बोलत राहतो. शिवाय माझा करंट मांडीतून निघून मांडीतच संपतो, कुलरचा हातातून शिरून छातीवरून पायात उतरतो. एकाच चॅनलचे, म्हणजे एकाच जोडीचे, दोन पॅड छातीच्या आरपार लावायचे नसतात ते यासाठीच.

मांडीसाठी दोन सेकंदांत हळूहळू चढण, दहा सेकंद आवळ, मग निदान तीसेक सेकंद सुट्टी. ही सुट्टी पेशंटला फुकट गेल्यासारखी वाटते. पण आपण स्वतः पाय उचलतो तेव्हा मेंदू तंतूंच्या पाळ्या लावतो, काही कामावर, काही आरामात. मशीनला पाळ्या ठाऊक नाहीत. पॅडजवळचे तेच ते तंतू दर ठोक्याला कामाला जुंपले जातात आणि लवकर थकतात. सुट्टी कापली की दहाव्या आवळीपर्यंत मांडी नुसती थरथरते. आणि मशीन आवळतं तेव्हा पेशंटनंही जोर लावायचा असतो. "मशीन करून राह्यली ना, मी काहून करू?" म्हणून मोबाइल पाहणाऱ्याचा गुडघा पुढच्या महिन्यातही तेवढाच वाकडा असतो.

खरी परीक्षा मात्र कातडीची. कातडीचा वरचा थर म्हणजे वाळलेलं, मेलेलं खवलं. वीज तिथे अडते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे गेला की घामसुद्धा अंगावर टिकत नाही, आणि त्यात पेशंट घरून पूर्ण बंदोबस्त करून येतो: खाली खोबरेल, त्यावर बाम, त्यावर घामोळ्यांची पावडर. या तिन्ही थरांवर पॅड चिकटवणं म्हणजे तळलेल्या पुरीवर तिकीट डकवणं. आधी साबणाच्या पाण्यानं पुसा, कोरडं करा. केस कैचीनं बारीक करा. वस्तरा नको, त्याच्या ओरखड्यांतून करंट वाट काढतो आणि सुयांसारखा टोचतो. रबरी पॅडखाली स्पंज असेल तर तो नळाच्या पाण्यात भिजवा. आरओचं पाणी पाहुण्याला द्यावं, स्पंजला नाही. त्यातले क्षार गेलेले असतात आणि पाण्यातून करंट वाहून नेतात ते क्षारच. भिजवून पिळाही. स्पंज गळत असला की पाठीवर एक ओहोळ तयार होतो आणि करंट स्नायूत न शिरता त्या ओहोळातून सरळ दुसऱ्या पॅडकडे निघून जातो. दोन पॅडमध्ये निदान एका पॅडएवढी जागा सोडायची. जवळ लावले तर करंट वरवर फिरतो, दूर लावले तर खोल उतरतो.

आणि आता तो प्रसिद्ध झटका. पॅड पाच बाय पाच सेंटिमीटरचा, म्हणजे 25 चौरस सेंटिमीटर. पेशंट कूस बदलतो, अर्धा पॅड उचकटतो. बरीचशी मशीनं ठरलेला करंट ठरल्याएवढाच पोचवणाऱ्या स्वभावाची असतात, जागा कमी झाली म्हणून ती हात आखडता घेत नाहीत. पंचवीसातलं सगळं साडेबारात घुसतं, कातडी चरचरते, आणि पालथ्या माणसाचा चेहरा समाधानानं फुलतो, "आत्ता लागलं बरोबर!" मी नॉब शून्यावर आणते, पॅड नीट बसवते, पुन्हा हळूहळू चढवते. माझ्याबद्दलचं मत तिथेच उतरतं. चांगली लागली होती, मॅडमनं बंद केली.

पाच-सात मिनिटांनी दुसरी तक्रार येते, "मॅडम, लाईन गेली वाटते." लाईन असते. मशीनचा दिवा लुकलुकत असतो, वर पंखा फिरत असतो. नसेला एकसुरी निरोपाची सवय झालेली असते, हातातल्या बांगडीचं भान दुपारपर्यंत उरत नाही तसं. इथे मात्र वाढवायला माझी हरकत नाही, एखादा काटा वाढवते. किंवा ठोक्यांचा वेग सतत बदलत राहील असं बटण दाबते, म्हणजे नसेला डुलकी लागत नाही. लाईन खरंच गेल्यासारखी येत-जात असेल तर दोष वायरीचा. वायर पिनेजवळ आतून तुटते, कारण काढताना सगळे वायर ओढतात, पिन कोणी धरत नाही.

चार पॅडच्या आयएफटीला, म्हणजे दोन करंट अंगात एकमेकांना छेदायला लावणाऱ्या मशीनला, गावात मान जास्त. मशीन मोठं, वायरी चार, बिलही त्या मानानं. त्यात एका जोडीतून सेकंदाला 4000 आवर्तनं, दुसरीतून 4100. एवढ्या वेगापुढे कातडीचा अडसर ढिला पडतो आणि दोन्ही करंट जिथे एकमेकांना छेदतात तिथे फरकाचा, म्हणजे 100 चा ठोका आत तयार होतो. अट एकच, जोड्या फुलीसारख्या लावायच्या. घाईत एकाच रंगाच्या दोन वायरी शेजारी-शेजारी लागल्या की छेद होत नाही, आणि पेशंट दोन वेगळे करंट सोसून घरी जातो.

चेहऱ्याची नस बिघडून तोंड वाकडं झालं की मात्र हे सगळे ठोके कुचकामी ठरू शकतात. नस निकामी झालेल्या स्नायूला मायक्रोसेकंदांची भाषा कळत नाही, त्याला 100 मिलिसेकंदांसारखा लांब, सावकाश ठोका लागतो, आणि तोही अळीसारखा आळसावून हलतो. हा करंट एकाच दिशेनं वाहत असेल तर पॉझिटिव्ह पॅडखाली आम्ल साठतं, निगेटिव्हखाली अल्कली, आणि जास्त वेळ ठेवला तर कातडी रसायनानं भाजते. इथे "थोडं वाढवा" म्हणणाऱ्याला मी ऐकूच गेलं नाही असं दाखवते.

मशीन लावण्याआधीच्या प्रश्नांना उत्तरं देतानाही माणसं मजेदार. "गुडघ्यात स्टील आहे हो, करंट लागंल का?" हे दहादा सांगतात. टेन्सच्या ठोक्यांना त्या स्टीलचं सहसा वावडं नसतं. पण छातीत पेसमेकर आहे हे पॅड चिकटल्यावर निघतं, "कंबरेचा त्याच्याशी काय संबंध?" अशा पुरवणीसह. पोटुशी बाई, रक्ताची गुठळी, कॅन्सरची जागा, गळ्याची समोरची बाजू, जखम असलेली कातडी, सगळं खोदून विचारावं लागतं. आणि एक माणूस असा असतो की ज्याचं "काहीच लागून नाही राह्यलं" अक्षरशः खरं असतं: जुन्या शुगरचा, बधिर तळव्यांचा. कापूस आणि टाचणी फिरवून आधी पाहिलं नाही, तर तो शांतपणे भाजून घेईल आणि वर थोडं वाढवा म्हणेल.

वीस मिनिटं झाली की मशीन पिंपिंग करतं. नॉब शून्यावर नेऊन मग पॅड काढायचे असतात, पण काका तोवर एक पॅड स्वतःच उपटून मोकळे होतात आणि जाता जाता तोच झटका खातात. कंबरेवर दोन लाल चौकोन उमटलेले असतात. तासाभरात जाणारे, नेहमीचे. काकू ते चष्मा लावून तपासतात, समाधान पावतात आणि दारात थबकून विचारतात, "मॅडम, यांच्या अंगात करंट शिल्लक नाही ना राह्यला? म्हणजे घरी गेल्यावर कुलरमध्ये पाणी टाकलं त चालते न?"

"चालतं. चप्पल घाला. आणि आधी प्लग काढा."