बॅन्शी परत येईपर्यंत काय करावे

यामाहाची बॅन्शी, म्हणजे वाळूत उधळणारी ती उघडी चारचाकी, परत येणार आहे. कधी, ते विचारू नका. भक्ताने तारीख विचारायची नसते. अमेरिकेत २००६च्या मॉडेलनंतर ती बंद झाली आणि तेव्हापासून दरवर्षी न चुकता 'पुढच्या वर्षी' येते आहे. इतका नेम तर एसटीलाही पाळता येत नाही. तेव्हा तुम्ही अमेरिकेतल्या फिनिक्सला असा नाहीतर फलटणला, देव पाण्यात घालून बसायचंच असेल तर ते पद्धतशीर बसावं, एवढ्यासाठी हे चार शब्द.

ज्यांना कशाची वाट पाहायची हेच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. काशीद-नागावच्या किनाऱ्यावर गुबगुबीत टायरांची जी चारचाकी भाड्याने मिळते, आणि आपण ती चालवत असताना एक पोरगा 'साहेब, पाण्यात नको' असं ओरडत मागून पळतो, ती क्वाड. बॅन्शी जातीने तीच, पण कुळ वेगळं. १९८७ साली आलेल्या या गाडीत दोन सिलिंडरचं, ३४७ सीसीचं, पाण्याने थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन होतं, यामाहाच्या आरझी ३५० या मोटारसायकलच्या घराण्यातलं. खालच्या आरपीएमला ही गाडी गोगलगाय असते. मग काटा एका जागी पोचतो, आवाज फाटतो, पुढची दोन चाकं उचलली जातात आणि चालवणाऱ्याला आपण विमा उतरवलाय की नाही ते आठवायला लागतं. कॅलिफोर्नियात ग्लॅमिस म्हणून वाळूच्या टेकड्यांचा मोठा पट्टा आहे. तिथे थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत जत्रा भरते, आणि उंच काठीला झेंडा लावलेली एखादी बॅन्शी तिथली ओल्ड्समोबील हिल नावाची टेकडी चढताना दिसायच्या कितीतरी आधी ऐकू येते.

आता साधना. पहिली पायरी म्हणजे गैरसोयींना गुण म्हणायला शिकणे. बॅन्शीला सेल्फ स्टार्ट नव्हता. म्हणा, 'किक मारल्याशिवाय गाडीशी नातं जुळत नाही.' रिव्हर्स गिअर नव्हता. समोर झुडूप आलं की खाली उतरायचं आणि पावणेदोनशे किलोच्या घरातलं ते धूड हँडलला धरून मागे ओढायचं. याला 'शुद्ध रायडिंग' म्हणायचं. पेट्रोलमध्ये ऑइल आपल्या हाताने मोजून मिसळायचं. कमी पडलं तर पिस्टन चिकटला, जास्त झालं तर प्लग काळा. अॅक्सिलरेटर मुठीत नाही, अंगठ्याखाली. दिवसभर वाळूत फिरल्यावर संध्याकाळी त्या अंगठ्याने बाटलीचं झाकणसुद्धा उघडत नाही. हे सगळं नव्या पोरांना सांगताना डोळे किंचित मिटून घ्यावेत.

दुसरी पायरी शत्रू निवडण्याची, आणि शत्रू आयताच तयार आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, २००२ साली रस्त्याबाहेर चालणाऱ्या गाड्यांच्या धुराचे नियम केले आणि क्वाडसाठी ते २००६ आणि २००७ अशा दोन टप्प्यांत लागू केले. टू-स्ट्रोकचं दुखणं जन्मजात आहे. ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये शिरत असतं तेव्हा धूर बाहेर जायचं दारही उघडंच असतं, त्यामुळे थोडं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं, आणि वंगणाचं तेल जळतं ते वेगळंच. बॅन्शीचे जुने कार्ब्युरेटर त्या नियमात बसण्यातले नव्हते. म्हणजे सरकारने मारली! या वाक्यावर ठाम राहा, कारण यात अर्धं खरं आहे आणि आशेला तेवढं पुरतं.

उरलेलं अर्धं मात्र कुणाला सांगू नका. २००६ सालीच त्याच दुकानात, त्याच कंपनीची रॅप्टर ७०० शेजारी उभी होती. फोर-स्ट्रोक, फ्युएल इंजेक्शन, बटण दाबलं की चालू, वर रिव्हर्ससुद्धा. त्याआधी २००४ला यामाहाचीच दुसरी क्वाड, वायएफझी ४५०, आलीच होती. गिऱ्हाइकांनी बॅन्शीकडे प्रेमाने पाहिलं, तिच्या सीटवरून हात फिरवला, आणि पैसे त्या शेजारणींवर मोजले. मग २००८ची मंदी आली. त्यानंतर लोकांना शेजारी-शेजारी बसायच्या, वर छप्पर नि कमरेला पट्टे असलेल्या गाड्यांचा नाद लागला, कारण त्यात बायको-मुलांसकट थंड पाण्याची पेटीही मावते. होंडा, सुझुकी आणि कावासाकी या तिघींनी आपापल्या ४५०च्या रेसिंग क्वाड गुंडाळल्या. त्यांचीही परत येण्याची वाट पाहणारे पंथ आहेत, पण ते पाखंडी. त्यांच्या पंगतीला बसू नये.

कुणी शहाणा 'टू-स्ट्रोकचा जमाना गेला' म्हणालाच, तर त्याच्या तोंडावर वायझेड २५० फेकावी. यामाहा ही टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी अजून विकते. केटीएमने तर टू-स्ट्रोकला फ्युएल इंजेक्शनही बसवून दाखवलं. मग घोडं अडतंय कुठे? अडतंय ते इतकंच, की वायझेड फक्त बंदिस्त ट्रॅकवरच्या शर्यतीसाठी विकली जाते आणि म्हणून त्या नियमांतून सुटते. तुमची शर्यत तंबूपासून संडासापर्यंत असते. पण हा तपशील गौण आहे.

मराठी माणसाला या उपासनेचा वेगळा सराव करावा लागत नाही, कारण आपला गृहपाठ झालेला आहे. बॅन्शीची भारतातली चुलत बहीण म्हणजे राजदूत ३५०. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून बनवलेली, हवेवर थंड होणारी, यामाहाच्याच जुन्या आरडी ३५०ची देशी आवृत्ती. आज तिचं नाव काढताच गहिवरणाऱ्या काकांना एकदा हळूच विचारा, 'काका, तेव्हा घेतली होती का?' नव्हती. तेव्हा काकांनी शोरूममध्ये एकच प्रश्न विचारला होता, 'अॅव्हरेज किती देते?' आणि उत्तर ऐकून चहासुद्धा न पिता ते बाहेर पडले होते. तुमचाआमचा हा प्रश्न कंपनीलाही आधीच ऐकू आला असावा, कारण इथल्या गाडीची ताकद मुद्दाम कमी केली होती आणि पुढे ती आणखी कमी केली. तरी ती खपली नाही. पेट्रोल पिते, स्पेअर मिळत नाहीत, पोरगं जिवाला मुकेल, अशा कारणांनी ती घरोघरी नाकारली गेली आणि दहा वर्षंही न टिकता गेली. आज तीच गाडी रंगरंगोटी करून निघाली की अख्खा चौक उभा राहतो, नि तेच काका म्हणतात, 'आता अशा गाड्या काढत नाहीत हो!' हा सूर नीट घोटून घ्या. फिनिक्सला तोच लागतो, फक्त इंग्रजीत.

परत येणाऱ्या गाड्या येतात कशा, याचाही अनुभव आपल्याच गाठीशी आहे. जावा २०१८ला आली, येझदी २०२२ला. दोन्ही फोर-स्ट्रोक होऊन आल्या. चेतक २०२०ला आली ती बॅटरीवर. सुरू करताना आडवी करायची सोय नाही, बाजूला झुकून तिला मस्का मारायची गरज नाही, आणि आवाज इतका सोज्वळ की कुत्रंसुद्धा मागे लागत नाही. तेव्हा बॅन्शी परत आलीच तर ती ग्लॅमिसच्या वाळूत चार्जिंगची वायर शोधत हिंडणार नाही, असं छातीठोकपणे कोण सांगेल? म्हणून नवस बोलताना मजकूर काळजीपूर्वक ठेवा. देवाला सीसी, स्ट्रोक आणि सिलिंडरची संख्या स्पष्ट सांगा. नाहीतर तो टाकीवर नाव चिकटवून देईल आणि नवस फिटला म्हणेल.

मधल्या काळात शकुन बघत राहावं. नव्या बॅन्शीचं चित्र दरवर्षी कुठून तरी तुमच्या मोबाइलवर येईल. चाकं एका गाडीची, दिवे दुसरीचे, सायलेन्सर कुठेच जोडलेला नाही, आणि वर पुढच्या वर्षाचा आकडा. 'खोटं आहे' असं चुकूनही म्हणू नये. 'बघू या' म्हणावं आणि दहा जणांना पुढे धाडावं. कंपनीने नावाची नोंदणी कायम ठेवली तर तो शुभशकुन. नाही ठेवली तर ती गुप्तता.

या काळात एक पथ्य कडक पाळायचं, ते म्हणजे दुसरी काहीही खरेदी करायची नाही. वायएफझी ४५०आर आजही नवी मिळते, रॅप्टर ७००आरही मिळते. त्या घेऊन तुम्ही यामाहाला स्पोर्ट क्वाड खपतात असं दाखवून द्याल, आणि मग कंपनी उगाच उत्साहाने कामाला लागेल. त्याहून मोठा मोह सुट्या भागांचा. बॅन्शीची चेसी, सिलिंडर, क्रँक, पाइप हे सगळं अमेरिकेत बाहेरच्या कारखान्यांतून नवं कोरं मिळतं, मूळच्यापेक्षा दणकटही मिळतं. पैसे आणि पाने हाताशी असले तर यामाहाला न विचारता घरच्या गॅरेजात अख्खी बॅन्शी उभी राहते. म्हणूनच त्या वाटेला जाऊ नका. गाडी दारात आली की हप्ते, ऑइलचे डाग आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात. वाट पाहायला महिन्याला एक रुपया पडत नाही.

आणि समजा, सगळे नवस फळून ती खरंच आली. गडबडून जाऊ नका. आधी किंमत ऐकून 'एवढ्यात चारचाकी येते' म्हणावं. हिलाही चार चाकं आहेत याकडे लक्ष देऊ नये. सेल्फ स्टार्ट दिला असेल तर 'मग ती बॅन्शी कसली', नसेल दिला तर 'या जमान्यात किक?' पहिल्या वर्षाच्या मॉडेलमध्ये खोड्या असतात, म्हणून दुसऱ्या वर्षापर्यंत थांबावं. दुसऱ्या वर्षी रंग आवडणार नाही. तिसऱ्या वर्षी कंपनी ती खपत नाही म्हणून बंद करेल. तो आठवडा जोरदार शोक करावा, कंपनीला पत्र लिहावं आणि लगेच जुन्या बाजारात शोध सुरू करावा. 'एकच मालक, वाळूत फारशी नेलेली नाही' अशी जाहिरात दिसली की डोळे झाकून विश्वास ठेवा, आणि फोन करून आधी अॅव्हरेज विचारा.