दाखला दिला, दर कोण देणार?

राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने 2023 मध्ये कामाच्या अनुभवालाही क्रेडिट, म्हणजे शिक्षणात मोजले जाणारे श्रेयांक, देण्याची सोय केली, तेव्हापासून यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात दोन तट पडलेत. निवृत्त गुरुजी फोनवर म्हणाले, "मंग आता मिस्त्रीलेही डिग्री द्या, अन् आमाले घरी बसवा." पोरांचं म्हणणं उलटं: कागद हाती आला की हैदराबादेत भाव मिळेल. मी नॉर्वेत राहतो, आणि मला दोघांचंही पटत नाही.

गुरुजींना उत्तर नाशिकनेच दिलंय. मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये निघालं आणि त्याच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमातून बारावी न झालेले कितीतरी लोक पदवीपर्यंत गेले. कुणाचं काही बुडालं नाही. पोरांचा प्रश्न जास्त अवघड आहे.

माझ्या इमारतीत एक पोलिश सुतार राहतो. त्याने इथली कारागिरीची परीक्षा शाळेत न जाता, अनुभवाच्या जोरावर दिली. अट अशी की बहुतेक धंद्यांत 5 वर्षांचा पूर्णवेळ अनुभव हवा. आधी लेखी, मग प्रत्यक्ष काम, तेही काही दिवस चालणारं. कामाचं नियोजन स्वतः लिहायचं, काम करायचं, आणि शेवटी कुठे चुकलं, पुन्हा केलं तर काय बदलशील, हे परीक्षकांना सांगायचं. परीक्षक त्याच धंद्यातले. हात तयारच होते. लेखीतल्या नॉर्वेजियन भाषेने मात्र त्याचा घाम काढला. एवढी कटकट त्याने सोसली ती पगारासाठी. इथे बांधकामातलं किमान वेतन बंधनकारक आहे आणि दाखलेवाला, वर्षभर काम केलेला आणि नवखा यांचे दर वेगवेगळे आहेत.

आता आमचा मिस्त्री. शाळा चौथीपर्यंत. काळ्या मातीत पाया खणताना तो फूट मोजून थांबत नाही, मुरूम लागेपर्यंत खाली जातो. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया वरच राहिला तर भिंत तडकलीच समजा. त्याच्याकडे आरपीएलचा, म्हणजे आधीच्या कौशल्याला मान्यता देणारा दाखला आहे. एका केंद्रावर बोलावलं, थोडं प्रशिक्षण, हेल्मेटवर आणि अवजारांच्या नावांवर प्रश्न, टी-शर्ट, फोटो. पायाबद्दल कुणी विचारलंच नाही. दाखला पेटीत पडून आहे, रोजी ठेकेदार ठरवेल ती. (घरकुलातलं गवंडी प्रशिक्षण त्यापेक्षा बरं: 45 दिवस, तेही खऱ्या घराच्या बांधकामावर.)

दाखला सीमेपलीकडे चालतो का म्हणाल तर इथे नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड यांचा कामगार बाजार 1954 पासून एक आहे. तरीही अनुभव जोखायची पद्धत प्रत्येकाची वेगळी आहे. 2005 पासून प्रौढशिक्षणाचं एक नॉर्डिक जाळं या पद्धती एकमेकांना समजावून देण्याचं काम करतंय, आणि ते अजून संपलेलं नाही. आपल्याकडे कौशल्याच्या दाखल्यांना स्तर ठरवून देणारी राष्ट्रीय चौकट 2013 मध्येच आली, म्हणजे कागदाला पैनगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे किंमत सारखीच. अडतं मजुरीत. कुशल, अर्धकुशल, अकुशल हे वर्ग किमान वेतनात जुनेच आहेत, पण दर प्रत्येक राज्य आपला ठरवतं आणि मजूर ठरवतात त्या चौकात ते कुणी विचारत नाही. महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोघांनी आपापल्या अधिसूचनेत एक ओळ घालावी: अमुक स्तराचा दाखला असेल तो कुशल. मग ठेकेदार म्हणेल, दाखले खोटे आहेत. म्हणूनच परीक्षा कामावर व्हावी, आणि परीक्षकांत निदान एक तरी काळ्या मातीत पाया घातलेला माणूस असावा.

गुरुजींना हे सांगितलं तर म्हणाले, "अन् त्या परीक्षकाले पास कोन करणार?" प्रश्न खोचक आहे, पण रास्त आहे. पहिली तुकडी तालुक्यातल्या जुन्या मिस्त्र्यांमधून निवडावी लागेल, आणि तिथे वशिला चालणार हेही मी धरून चाललोय.