गोवा-मुंबई सव्वा तास, पण कुठल्या गोव्यातून?

मुंबईचे नातेवाईक एक वाक्य हमखास ऐकवतात, "अगं सव्वा तासाचं तर फ्लाइट आहे, येऊन जा की दोन दिवस." आता यांना कोण सांगणार की तो सव्वा तास विमानाचा आहे, माझा नाही.

सरळ रेषेत धरलं तर गोवा-मुंबई साधारण सव्वाचारशे किलोमीटर. वर गेल्यावर विमान ताशी ८०० च्या आसपास पळतं, म्हणजे हिशोबाने अर्ध्या तासात पोचायला पाहिजे ना? पण चढण्या-उतरण्यातच अर्धं अंतर संपतं, आणि तिकिटावरची वेळ म्हणजे इथल्या गेटवरून विमान मागे ढकलल्यापासून तिकडे गेटला लागेपर्यंतची. त्यात मुंबईच्या जुन्या एअरपोर्टला धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालवतात, गर्दी झाली की वर घिरट्या घालत बसा. कंपन्यांना हे माहीत असतं म्हणून त्या वेळ आधीच सैल लावतात, आणि मग दहा मिनिटं लवकर पोचलो की घोषणा, लोक खूश 😄

खरी मजा जमिनीवर. ५ जानेवारी २०२३ पासून उत्तर गोव्यात मोपाचं नवं एअरपोर्ट सुरू झालं, पेडणे-डिचोलीवाल्यांची चंगळ, सावंतवाडीवालेसुद्धा तिथूनच जातात. पण आम्ही पार दक्षिणेकडच्या काणकोणचे! आमच्यासाठी मोपा म्हणजे गोव्याचं दुसरं टोक, शंभरेक किलोमीटर, पणजीजवळ ट्रॅफिक लागला तर अडीच तास गेलेच. टॅक्सीचं भाडं ऐकून तर कधी कधी वाटतं की विमान घरापर्यंत येतंय. दाबोळीचं जुनं एअरपोर्ट त्यामानाने बरं, पण तो नौदलाचा तळ, सकाळच्या वेळात त्यांचा सराव असतो, त्यामुळे हव्या त्या वेळी फ्लाइट मिळेलच असं नाही.

मग घर ते घर बेरीज करा ना राव. घर ते मोपा, तिथे दोन तास आधी हजर, सिक्युरिटीची लाइन, मग तो प्रसिद्ध सव्वा तास, मग बॅग, मग अंधेरीचा ट्रॅफिक आणि डोंबिवली. सात-आठ तास कुठे गेले कळत नाही. मडगावहून वंदे भारत पावणेआठ तासांच्या आसपास घेते, ठाण्याला थांबते, कोणी बेल्ट काढायला लावत नाही. (पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, तेव्हा हे गणित बिघडतं हे मान्य.)

बंगळूर-दिल्लीला जायचं असेल तर विमानच, वाद नाही. पण मुंबईसाठी दक्षिण गोव्यातल्या माणसाने "सव्वा तास" ऐकून भुलू नये. आणि जायचंच असेल तर तिकीट काढताना कोड नीट बघा, जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. पाचशे रुपये स्वस्त दिसलं म्हणून लोक मोपाचं काढतात आणि त्याच्या कितीतरी पट टॅक्सीला मोजतात.