मिसरूड फुटलेल्या पोराचा गुन्हा काय?

आमच्या कोल्हापुरातल्या पेठेच्या फुटबॉल ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. १४ वर्षांखालच्या संघातलं एक पोरगं वय तपासायच्या मनगटाच्या एक्स-रेत बाद झालं. जन्मदाखला खरा, शाळेचा दाखला खरा, तरी 'वयचोर' म्हणून मोकळे झाले. त्याच संघातून एका बारक्याला 'अंगात दम नाही' म्हणून काढलं. दोन्ही निर्णयांना ग्रुपवर अंगठे!

अरे, एक्स-रे हाडाची वाढ दाखवतो, जन्मतारीख नाही. या वयात एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या शरीरात चार-पाच वर्षांचं अंतर असू शकतं. वयचोरी होते, ती पकडलीच पाहिजे. पण लवकर वाढणं हा गुन्हा नाही, उशिरा वाढणं ही कमजोरी नाही.

इथं इंग्लंडमध्ये मुलाची उंची, वजन आणि आईबापाची उंची यांवरून तो मोठेपणी किती उंच होईल याचा अंदाज काढतात. २०१५ मध्ये प्रीमियर लीगनं त्या अंदाजाच्या ८५ ते ९० टक्के उंची गाठलेली ११ ते १४ वयाची मुलं एकत्र खेळवली. दांडग्याला डोकं वापरावं लागतं, बारक्याला चेंडू मिळतो. इथंही चुका झाल्या. स्ट्रायकर जेमी वार्डीला १६व्या वर्षी शेफिल्ड वेन्सडे क्लबनं लहानखुरा म्हणून सोडलं. २०१६ मध्ये तो लेस्टरकडून प्रीमियर लीग जिंकला.

'आम्ही दिवसाला तीन मॅच खेळायचो' हे तर ऐकवूच नका. दहा वर्षांचं पोर दमतं आणि लगेच पळायला लागतं, कारण त्याचे स्नायू चटकन सावरतात. वयात येताना ताकद वाढते, पण सावरायला वेळ जास्त लागतो. त्यात हाडं भराभर लांबतात, स्नायू मागं पडतात आणि गुडघ्याखाली, टाचेत ओढ बसते. रविवारी माझ्या मुलाच्या संघातला एकजण पालकांना मैदानाबाहेर ठेवणाऱ्या दोरीपाशी बसून गुडघ्याखालचा फुगवटा चोळत होता. कोचनं त्याच्या उड्या आणि लांब किका बंद केल्यात, नुसते पास. आपल्याकडं त्याला स्प्रे मारून पुन्हा उतरवला असता.

'तिकडं बसून शिकवू नकोस,' असं एकानं लिहिलं. लागलं ते. इथं मला फुटबॉलमधलं कुणी काही विचारत नाही. माझा रंग बघून क्रिकेटचाच विषय काढतात. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर मी वाढलो, आणि फुटबॉलवर हक्कानं भांडायला मला पेठेशिवाय दुसरी जागा नाही. तिथूनही परका ठरलो तर जाऊ कुठं?

म्हणून पुन्हा लिहितो. मोजपट्टी, वजनकाटा तालमीत आहेच, आईबापाची उंची विचारायला पैसे पडत नाहीत. त्या बारक्याला परत बोलवा, आणि दुसऱ्या पोराच्या जन्मदाखल्यासाठी पेठेनं जिल्हा संघटनेकडं दाद मागावी.