लागेल कधीतरी!

घर आवरायला काढलंत? आधी बसा, चहा घ्या. आवरायची हुक्की बऱ्याचदा कप रिकामा होईपर्यंत उतरते. नाहीच उतरली, तर माळ्यावरची फोटोंची पेटी खाली काढा. दुपार निभावते.

घरात शिरलेली वस्तू घरजावयासारखी असते, तिला 'जा' म्हणायची सोय नसते. श्रीखंड चार दिवसांत संपतं, डबा नातवंडं बघतो. डब्यावर 'आम्रखंड' लिहिलेलं असावं आणि आत मोहरी असावी. झाकण मात्र दुसऱ्या डब्याचं हवं, नाहीतर ते बसेल.

पिशव्यांची पिशवी दारामागच्या खिळ्यालाच हवी. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली, तेव्हा काही उतावळ्यांनी साठा उपसून देऊन टाकला. तुम्ही तसलं काही केलं नसणारच. साडीच्या दुकानातली चकचकीत, दोरीवाली पिशवी वापरायची नसते, ती 'कुणाला काही द्यायचं झालं तर' म्हणून असते. आणि भाजीला जाताना घरून पिशवी नेऊ नये. मग नवीन येणार कशी?

आहेराचे ब्लाउजपीस शिवायचे नसतात, फिरवायचे असतात. कुणी दिलाय ते आठवत नसेल, तर सोसायटीबाहेर द्यावा एवढंच.

आवरताना साडीच्या घडीत हजाराची जुनी नोट सापडली? परत तिथेच ठेवा. नोटाबंदी २०१६ची, पण निर्णय फिरणारच नाही असं कोणी छातीठोकपणे सांगावं? याच न्यायाने टीव्हीखालच्या खणातले बारीक पिनचे चार्जरही राहू द्या. फोन गेला, त्यात चार्जरचा काय दोष?

अगदीच टाकायची खुमखुमी असेल, तर दुसऱ्याचं टाका. आपला तो संग्रह, दुसऱ्याचा तो पसारा. रद्दीवाल्याला मात्र महिन्यातून एकदा जरूर बोलवावं, भाव विचारावा आणि 'एवढाच?' म्हणून परत पाठवावं.

दिवाळीच्या आधीचं आवरणं वेगळं. त्यात हॉलमधलं बेडरूममध्ये जातं, बेडरूममधलं पलंगाच्या पोटात आणि पलंगातलं माळ्यावर. उरलेलं खुर्चीवर, कारण ती बसायला घेतलेली नसतेच. एवढं करून पाहुणे 'घर दाखवा की' म्हणालेच, तर बेडरूमच्या दारात आडवे उभे राहा आणि हळू आवाजात सांगा, 'बाळ झोपलंय.' बाळ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलं तरी बिघडत नाही. झोपलेलं असतंच.