दादा, तिकीट डबल काढू का?

रविवारी सकाळी मोठ्या काकांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर लाल अक्षरांत ‘नागपूरकरांनो, जागे व्हा!’, खाली पाच मुद्दे आणि शेवटी जोडलेले हात. काका नागपुरात मानेवाड्याला राहतात, रिटायर झालेत, आणि आलेलं सगळं न वाचता पुढे ढकलणं हे त्यांचं सध्याचं काम आहे. अर्ध्या तासानं आत्याचं उत्तर आलं. आत्या शहराबाहेर कन्हानला असते, दर दुसऱ्या मंगळवारी नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, दाखवायला येते. तिनं एवढंच लिहिलं: ‘दादा, मी मंगळवारी येऊन राहिली. तिकीट डबल काढू का?’

त्यावर कोणी काही बोललं नाही. हा मेसेज मला त्या आठवड्यात आणखी तीन ठिकाणांहून आला, म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेज म्हणतो: मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याचे ६,७०८ कोटी आपल्या घरटॅक्समधून कामठी, कन्हान, हिंगणा, बुटीबोरीवर उधळले जात आहेत. तिथले लोक एक रुपया कर भरत नाहीत. म्हणूनच आपल्या रस्त्यांवर खड्डे आहेत. ज्या गावाचा जेवढा कर, त्याला तेवढाच वाटा मिळावा. आणि तोपर्यंत आधार कार्डावर शहराबाहेरचा पत्ता असलेल्यांकडून बस-मेट्रोचं दुप्पट तिकीट घ्यावं.

घरटॅक्सपासून सुरुवात करू, कारण ते लवकर उरकतं. आकडा खरा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केलेला खर्च तेवढाच: ४३.८ किलोमीटर, ३२ स्थानकं. पण मंजुरी केंद्राच्या मंत्रिमंडळाला का द्यावी लागली, एवढं तरी विचारायचं होतं. मेट्रो बांधणारी महामेट्रो ही केंद्र आणि राज्य यांची अर्धी-अर्धी मालकी असलेली कंपनी आहे, महापालिकेचं खातं नव्हे. पहिल्या टप्प्याचा हिशेब बघा. २०१४ मध्ये मंजूर झालेले ८,६८० कोटी. त्यात केंद्र २० टक्के, राज्य २० टक्के, महापालिका ५, नागपूर सुधार प्रन्यास ५ आणि उरलेलं कर्ज. ते कर्ज जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं आणि फ्रान्सच्या एएफडी या विकास संस्थेचं. म्हणजे जो टप्पा जवळजवळ अख्खा शहरात आहे, ज्याच्या स्थानकाखाली काका चहा पितात, त्यातही महापालिकेचा वाटा विसात एक. केंद्र-राज्याचे चाळीस टक्के देशाच्या आणि राज्याच्या तिजोरीतून आले, आणि त्या तिजोरीत गडचिरोलीचाही पैसा आहे आणि कन्हानचाही. तेव्हा कामठीवाल्यांनी ‘जागे व्हा’ म्हणून मेसेज फिरवला नव्हता. शहराच्या घरटॅक्सची वसुली शेकडो कोटींत मोजतात, हजारांत नाही. पै न् पै मेट्रोत ओतली, कचरा उचलणं आणि दिवे लावणं बंद केलं, तरी दहा वर्षांत ६,७०८ कोटी जमायचे नाहीत.

आणि हा टप्पा ‘खेड्यांचा’ तरी कितपत आहे? कापसीच्या ट्रान्सपोर्टनगरकडे जाणाऱ्या मार्गावर पहिलं स्थानक पारडी, शहरातलंच. पारडीवाल्यांनाही आता बाहेरचे म्हणायचं का? विमानतळाजवळच्या मिहानपासून निघणारा मार्ग बुटीबोरीच्या एमआयडीसीत संपतो. त्या एमआयडीसीत कामाला कोण जातं? मी स्वतः पाच वर्षं पहाटे सव्वापाचला छत्रपती चौकात कंपनीच्या बसची वाट बघत उभा राहायचो. बसमध्ये चाळीस जण, आणि बुटीबोरीचा त्यात एकही नाही. सगळे मानेवाडा, नरेंद्रनगर, अजनी. वाडी आणि हिंगण्याच्या एमआयडीसीचंही तेच. तो मार्ग गावांना दिलेलं बक्षीस आहे असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा पहिल्या पाळीला जाऊन बघावं.

‘एक रुपया कर भरत नाहीत’ हे वाक्य वाचून मात्र मला खरंच राग आला. आत्याचा मुलगा एमएच-४० पाटीची, म्हणजे नागपूर ग्रामीणची, दुचाकी चालवतो. त्या गाडीचा कर राज्याला गेला. पेट्रोल टाकतो, त्यातला कर केंद्राला आणि राज्याला जातो. मुलीच्या लग्नाचं सोनं आणि कपडा इतवारीत घेतला, त्यावर जीएसटी दिला. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला, आणि तेव्हापासून राज्य सरकार महापालिकेला दर महिन्याला भरपाईचं अनुदान देतं. महापालिकेच्या उत्पन्नाचा तो मोठा आधार आहे. कामठी, सावनेर, उमरेड, काटोलचे लोक शहरातल्या ज्या बर्डी-इतवारीच्या बाजारात खरेदीला येतात, तिथूनच ते पैसे फिरून शहराकडे येतात. फुकटे कोण, हे जरा जपून ठरवावं.

शिवाय सगळा हिशेब रुपयांतच होतो असं नाही. शहर पाणी पितं ते पेंचचं आणि कन्हान नदीचं. तेच पाणी वापरून झालं की नाग नदीतून वाहत जातं, पिवळी नदीला मिळतं आणि शेवटी पुन्हा कन्हानमध्येच पडतं. वीज कोराडी-खापरखेड्याची, राख तिथल्या छपरांवर. त्याचं बिल आत्यानं काकांना कधी पाठवलं नाही.

आता जे खरं आहे ते कबूल करायला हवं, नाहीतर उद्या काका तेच तोंडावर मारतील. महापालिकेच्या हद्दीत घर घेताना मेट्रोसाठी म्हणून एक टक्का जादा मुद्रांक शुल्क लागतं. मधली दोन वर्षं, कोरोनाच्या काळात, ते थांबलं होतं. पुन्हा सुरू झालं. कन्हानला प्लॉट घेणाऱ्याला हा मेट्रोचा टक्का लागत नाही (ग्रामीण खरेदीवर जिल्हा परिषदेचा अधिभार असतो, पण ते असो). दुसरं म्हणजे ‘आपली बस’. ती चालवते महापालिका, तोटा सोसते महापालिका, आणि ती धावते मात्र हिंगणा, बुटीबोरी, कन्हान, खापरखेड्यापर्यंत. हद्दीबाहेरच्या किलोमीटरचा तोटा एकट्या शहरानं का भरावा, हा प्रश्न रास्त आहे. शहराभोवतीच्या सातशेहून जास्त गावांसाठी २०१७ पासून एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहे, ती विकास शुल्क वसूल करते, नगरपरिषदा आहेत, जिल्हा नियोजनाचा निधी आहे. हद्दीबाहेर बस जितके किलोमीटर धावते, तितक्या तोट्याचा हिस्सा त्यांनी उचलावा. हे मागायचं तर मागा, सही करायला मी पहिला येतो. पण मेसेजमध्ये हे कुठेच नाही. हिशेब दोन कार्यालयांमधला, आणि मेसेज वसुली करायला निघालाय म्हातारीच्या पिशवीतून.

खड्ड्यांबद्दल काय बोलायचं! मेट्रोचा दुसरा टप्पा मंजूर होण्याआधी खड्डे नव्हते असं म्हणणारा माणूस नागपुरात राहत नसावा.

‘जेवढा कर तेवढा वाटा’ हा मुद्दा काकांच्या तोंडी तर मुळीच शोभत नाही. हेच काका दर हिवाळी अधिवेशनात टीव्हीसमोर बसून म्हणतात, आमचा पैसा पश्चिम महाराष्ट्रानं पळवला. वेगळ्या विदर्भाच्या सभेला जाऊन आलेला माणूस आहे. मग त्यांना विदर्भ महाराष्ट्रात यायचं ठरलं तो १९५३ चा नागपूर करार आठवायला हवा. त्यात विदर्भानं काय मागून घेतलं? निधीचं वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावं, आणि मराठवाडा मागे आहे म्हणून त्याच्याकडे खास लक्ष द्यावं. भरलेल्या कराच्या प्रमाणात नाही! कराच्या प्रमाणात वाटलं असतं तर सगळं मुंबईनंच नेलं असतं आणि आपण ऑटोमोटिव्ह चौकात अजून टांग्याची वाट बघत बसलो असतो. पुढे १९८४ मध्ये दांडेकर समितीनं जिल्हावार अनुशेष मोजला, त्यात रस्तेही होते. तोही ‘कोण किती मागे आहे’ यावरच मोजला, ‘कोणी किती कर दिला’ यावर नाही. विदर्भाचं सगळं भांडण चाळीस-पन्नास वर्षं ज्या तत्त्वावर उभं आहे, ते मुंबईपुढे मांडायचं आणि कामठीपुढे गिळायचं, हे कसं काय?

लोकसंख्येचंच म्हणाल तर २०११ च्या जनगणनेत जिल्हा होता ४६ लाख ५३ हजारांचा आणि महापालिकेचं शहर २४ लाख ५ हजारांचं. म्हणजे जवळजवळ अर्धा जिल्हा शहराबाहेर. पहिला टप्पा शहराला मिळून गेला, दुसऱ्यात त्या अर्ध्यातल्या काहींपर्यंत रूळ जाणार, तर ही उधळपट्टी कशी होते? (बुटीबोरीपर्यंत मेट्रोऐवजी भरपूर बस घेतल्या असत्या तर बरं झालं असतं का, यावर मी काकांशी तासभर भांडायला तयार आहे. पण ते वेगळं भांडण.)

राहिलं दुप्पट तिकीट. हे ज्यानं लिहिलं त्यानं सिटी बसमध्ये शेवटचा पाय कधी ठेवला? संध्याकाळी साडेसहाला बर्डीवरून कन्हानची गाडी निघते तेव्हा कंडक्टरला पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत पोचायला इंदोरा येतं. त्यानं आता प्रत्येकाचं आधार बघायचं. चंद्रपूरची पोरगी नंदनवनात खोली घेऊन शिकते, तिच्या आधारावर चंद्रपूर. बालाघाटचा गवंडी दहा वर्षं शहर बांधतोय, त्याच्या आधारावर बालाघाट. उलट दहा वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या वसाहतीत राहायला गेलेल्या किती जणांच्या आधारावर अजून शहरातल्या महालचा पत्ता आहे, त्यांना सवलत!

आणि हद्द म्हणजे तरी काय? हुडकेश्वर-नरसाळा २०१३ मध्ये महापालिकेत आलं. त्याच्या आदल्या दिवशी तिथले लोक फुकटे होते आणि दुसऱ्या दिवशी नागपूरकर झाले? मानेवाडासुद्धा एके काळी गावच होतं, हे काकांना माहीत आहे. तिथली जुनी विहीर त्यांनीच मला लहानपणी दाखवली होती. आणि सगळ्यात मोठी गंमत अशी की काकांच्या मुलानं, माझ्या चुलतभावानं, घर घेतलंय बेशाला. मानेवाड्याहून मोटारसायकलनं दहा मिनिटं, पण महापालिकेच्या हद्दीबाहेर. या मेसेजप्रमाणे तो बापाला भेटायला बसनं आला तर तिकीट दुप्पट. मी हे ग्रुपवर लिहिलं. भावानं हसण्याची चित्रं टाकली, काकांनी ‘विषय वेगळा आहे’ असं लिहिलं. कसा वेगळा, ते अजून सांगितलेलं नाही.

मंगळवारी आत्या आली. कन्हानहून बस, इंदोऱ्यात उतरून दुसरी बस, मेडिकलच्या रांगेत साडेतीन तास. परतताना मानेवाड्याला गेली, भरताची वांगी घेऊन, दर खेपेला नेते तशी. काकांनी वांगी ठेवून घेतली, तिला बस स्टॉपपर्यंत सोडायलाही गेले. मेसेज अजून ग्रुपवर आहे.